गाणं लागलं की उठू नका

अहो,

तुम्ही डेअरीवरून यायच्या आत निघतेय. भाकरी टोपल्यात आहेत, पिठलं झाकून ठेवलंय. आपल्या ईश्वरीला घेऊन श्रीरामपूरला चालले, तिची गाण्याची स्पर्धा आहे. काल विचारणारच होते, पण तुम्ही टीव्हीवरच्या त्या कार्टून पिक्चरवर घसरलात आणि राहून गेलं.

"ह्याला ना शेंडा ना बुडखा," म्हणालात. सचिन भाऊजींनी तुमचीच री ओढली. आई मात्र पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मला विचाराल तर इतका देखणा पिक्चर मी आजवर पाहिला न्हाई. ती राजकन्या, तिचा तो बोलका बगळा, काय रंग आणि काय आवाज! लई म्हणजे लईच आवडला.

तुम्हाला कळणार कसा? गाणं लागलं की तुम्ही उठून गोठ्यात. सवयच तुमची. पण ह्यात सगळी गोष्ट गाण्यातच आहे. पोरगी मनातलं सारं बापाला गाऊन सांगते, आणि राजा दर वेळी काहीतरी काम काढून निघून जातो. तेव्हा ईश्वरी टीव्ही सोडून तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होती.

बक्षीस मिळो न मिळो, संध्याकाळी ती तुम्हाला गाणं म्हणून दाखवणार आहे. गाईंचं वैरणपाणी तेवढा वेळ आई बघतील. मी त्यांना सांगून ठेवलंय.

भारती