रूड, अब्रप्ट, कर्ट

प्रिय आई,

लांबूनच पाया पडतो. मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? बाबा फिरायला जातात, की नुसतं हो म्हणतात?

इथे वृद्धाश्रमात मी म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो. आधी मला 'रूड' म्हणाले, मग 'अब्रप्ट', आता 'कर्ट'. पहिला म्हणजे उद्धट, दुसरा तोडून बोलणारा, तिसरा इतकं थोडं बोलणारा की समोरच्याला लागावं. तू हसशील. "तोंडाला कुलूप घाल" म्हणून माझ्यामागे लागायचीस.

पण इथल्या इंग्रजीत माझं वाक्य जुळेपर्यंत म्हातारा कुडकुडायला लागतो. म्हणून मी नुसतं "हात वर" म्हणतो. हात मात्र हळूच धरतो.

परवा एका म्हाताऱ्याच्या मुलीने माझ्या बोलण्याची तक्रार केली. मॅनेजरबाईंनी बोलावलं. काम राहणं-जाणं त्यांच्याच हातात. "तुला काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं. खूप होतं. मी "नो" म्हणालो.

"बघा, हे असं," त्या शेजारच्या नर्सला म्हणाल्या.

महिनाअखेरीस काम सुटतंय. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

तुझाच,
धाकटा