तडजोड करणारा सभासद

संविधान दिन, मळमड्डी

डोकं उठलंय. कॉलेजात आज मुलांनी संविधान सभेतला राजभाषेचा वाद रंगवला. भांडायला सगळे तयार, तडजोड सुचवणारा सभासद व्हायला एकही नाही! "सर, तो हरल्यासारखा वाटतो." अरे, हिंदी नागरी लिपीत पण आकडे इंग्रजी वळणाचे, एवढं कुरकुरत मान्य केलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली! शेवटी ती भूमिका मीच केली.

घरी आलो तर थोरले बंधू अण्णा फाटकाशी नवी पाटी घेऊन उभे. त्यांना कन्नड हवं, मला मराठी. दिवाळीपासून हेच चाललंय.

"दोन्ही लिहू. वर कन्नड, खाली मराठी, घर नंबर इंग्रजी आकड्यांत," आज अण्णाच म्हणाले.

"मराठी खाली का?" मी ताडकन विचारलं.

"होगली बिडो, जाऊ दे," म्हणत अण्णा आत गेले. पाटी कोरीच. आणि दुपारी टाळ्या मलाच मिळाल्या होत्या.