तळातली जाळी उघडी ठेवावी

मी, खाली सही करणार, वय बहात्तर, धंदा घरगाड्यांना हीटर बसवण्याचा, आख्ख्या बाजारात 'जाळीवाल्या बाई' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. प्रकृती ठणठणीत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. आणि माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात म्हणून मी लिहिलेलं नाही. ते का लिहावं लागलं, ते पुढे येईलच.

याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. मरणाचा विचार करायला सवडच मिळाली नाही.

कलम पहिलं. माझा राहता फ्लॅट, त्यातलं सामानसुमान आणि बँकेतली सगळी ठेव मी माझ्या एकुलत्या एक चिरंजीवांना देत आहे. पोरगा वाईट नाही. रोज फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, मी घेतल्या म्हटलं तरी पुन्हा विचारतो. पण आईच्या धंद्याची त्याला लहानपणापासून लाजच वाटली. शाळेत 'आई काय करते' असं विचारलं की 'घरीच असते' म्हणायचा. बरोबरच होतं म्हणा. घरीच असायची मी, फक्त दुसऱ्यांच्या घरांत, आणि ती घरं चाकांवर असायची.

कलम दुसरं. रस्त्यालगतचं माझं वर्कशॉप, गाडीखाली उतरायच्या खड्ड्यासकट, पाटीसकट आणि सगळ्या हत्यारांसकट, मी माझ्या बहिणीच्या मुलीला देत आहे. तिला सगळे ठिणगी म्हणतात आणि ते उगाच म्हणत नाहीत.

पोटचा मुलगा असताना भाचीला का, असं लोक विचारणार. विचारू देत. माझ्या हाताखाली पुष्कळ जण शिकले आणि सगळे मला 'हो बाई, हो बाई' म्हणत गेले. एकदा मी एका गाडीत गॅसच्या पाइपाचा जोड आवळला आणि म्हटलं, झालं, चावी देऊन टाका. ठिणगी साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन खाली वाकली आणि म्हणाली, "मावशी, बुडबुडा येतोय."

"माझ्या जोडाला?" मी म्हटलं.

"तुझ्याच. बघ हवं तर."

मी बघितलं. मोहरीएवढा होता, पण होता. त्या दिवशी मी तिच्यावर दिवसभर चिडले आणि संध्याकाळी मनात ठरवून टाकलं की वर्कशॉप हिचं. तो ब्रशही तिलाच.

अट एकच. गॅसचा हीटर बसवलेली एकही गाडी तळात जाळी कापल्याशिवाय या वर्कशॉपच्या बाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक कोणी का असेना.

जाळी म्हणजे काय, हे वकिलांनाही सांगावं लागलं, तेव्हा इथेही लिहिते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा खाली साठतो. म्हणून गाडीच्या तळाला तळहाताएवढं भोक पाडून त्यावर जाळी बसवायची, म्हणजे गळलेला गॅस मुकाट रस्त्यावर उतरतो. जाळीतून पाय गार पडतात, हे खरं. गार पाय मोज्यांत घालता येतात. न उठलेल्या माणसाला काय घालणार?

आता कोणी म्हणेल, बाईला विजेचं वावडं आहे. मुळीच नाही. गाडी रात्रभर मुक्कामाच्या तळावर उभी असेल आणि तिथे विजेची जोडणी मिळत असेल, तर विजेचा हीटर लावावा आणि निवांत झोपावं. आवाज नाही, वास नाही, सिलिंडर वाहायला नको. फक्त हीटर चालू असताना चहाची विजेची किटली लावू नये, नाहीतर शेजारच्या गाड्यांतही अंधार होतो आणि शिव्या आपल्याला बसतात. पण रानात, घाटात, जिथे विजेचा खांब दिसत नाही, तिथे बॅटरीवर हीटर लावणारा माणूस पहाटे कुडकुडत उठतो आणि वर गाडीही सुरू होत नाही. तिथे गॅसच. तोसुद्धा कडाक्याच्या थंडीत चालेल असाच, म्हणजे प्रोपेन. ब्युटेनचा सिलिंडर गच्च भरलेला असला तरी बर्फात नुसता बसून राहतो, आमच्या मिस्त्रींच्या एका मामांसारखा.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. वर्कशॉप त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं मिळून काढलं. गॅस मी शिकले, वीज भाऊजींनी धरली. पुढचं कलम भाऊजींचं आहे.

कलम तिसरं. मिस्त्री गेले त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात एक बडं गिऱ्हाईक आलं. गाडी कसली, महालच तो! खाली सागवानी फळ्या. गॅसचा हीटर हवा, पण फळ्यांना भोक नको. मी म्हटलं, मग हीटरही नको. त्यांनी आवाज चढवला, मी चावी कनवटीला लावली.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, गॅस गळला की वाजणारी डबी बसवू. जबाबदारी त्यांची, असं लिहून घेऊ. देऊन टाका."

"डबीचा सेल संपला तर?"

"तुमचं डोकं फिरलंय. एका भोकापायी धंदा बुडवाल."

गिऱ्हाईक गेलं. महिन्याभरात भाऊजीही आपला हिस्सा मोजून घेऊन गेले, ते थेट रस्त्यापलीकडे. समोरच काचेचं दुकान थाटलं, फक्त विजेचे हीटर. तेव्हापासून येईल त्याला सांगत आले की वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही. माझ्या कानावर सगळं येत होतं. रस्ता काही फार रुंद नाही.

तर आता मुद्दा. माझ्या पश्चात वर्कशॉपची जागा काकांना विकायची, असा आमच्या चिरंजीवांचा बेत आहे. काकांना दुकान वाढवायचंय. भाचीचं नाव ऐकल्यावर चिरंजीव मला शांतपणे म्हणाले, "आई, हे कोर्टात टिकणार नाही. तुझं डोकं ठिकाणावर नाही हे काका इतकी वर्षं सांगतायत. मी त्यांनाच उभं करीन."

राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन दिवस जेवण गेलं नाही. माझी सगळी हयात, मी कापलेली प्रत्येक जाळी, एका माणसाच्या टोमण्यावर मोडीत निघणार होती. कुठे काही बिघडलं म्हणून एकही गाडी माझ्याकडे कधी परत आली नाही, आणि माझ्या गाडीत झोपलेला प्रत्येक माणूस सकाळी उठला. हे बोलून दाखवायला मला लाज वाटत नाही.

म्हणून मी ठरवलं की पहिला साक्षीदार भाऊजीच. दुसरं कोणी नको. त्यांची सही असली की चिरंजीवांनी कोर्टात उभं करायला माणूसच उरत नाही.

वकील म्हणाले, "बाई, हे म्हणजे वाघाच्या तोंडात मान देणं झालं." वकिलांना एक गोष्ट माहीत नाही. भाऊजींची स्वतःची घरगाडी दुकानामागे उभी असते. तिच्यातला गॅसचा हीटर मी बसवलाय, आम्ही एकत्र होतो तेव्हा. दर हिवाळ्याच्या तोंडाशी मी भाजी आणायच्या निमित्तानं तिकडून जाते, चप्पल नीट करायला वाकते आणि गाडीखाली बघते. जाळी लख्ख असते. चिखलाचा कण नाही, ब्रशनं घासलेली. गेल्या वर्षी तर नवीन बसवली होती. बोलायचे दात वेगळे, झोपायची गाडी वेगळी!

कलम चौथं. माझी स्वतःची घरगाडी. हिच्यात गॅसही आहे आणि वीजही. गॅस माझ्या हातचा, वीज भाऊजींच्या हातची. आधी गॅसनं गाडी झटक्यात उबवायची, मग विजेवर टाकून झोपायचं. आम्ही एकत्र केलेलं हे शेवटचं काम, आणि असं काम या बाजारात पुन्हा झालं नाही.

~~ही गाडी मी भाऊजींना देत आहे.~~

वरची ओळ आज खोडली, माझ्याच हातानं. कारण असं. आज भाऊजींना घरगाडीत बोलावलं. कितीतरी वर्षांनी आले. दारात बूट काढले आणि सगळ्यात आधी तळातल्या जाळीकडे बघितलं. मग खुर्चीत बसून चष्मा लावून सगळं वाचलं. वकिलांनी समजावलं: साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. सही केलीत तर गाडी गेली, आणि समोरची जागाही गेली. नाही केलीत तर गाडी तुमची, आणि जागेचं पुढे बघता येईल.

भाऊजींनी कागद खाली ठेवला. "चपलेच्या निमित्तानं वाकता होय?" म्हणाले. "मला वाटायचं वहिनींचे गुडघे सुधारले."

मी गुडघे चोळले.

"गाडी ठिणगीला द्या," ते म्हणाले. "वीज कुठे अडली तर मी येईन. पेन आणा."

तेव्हा घरगाडीही भाचीला. भाऊजींना तिच्यात हवं तेव्हा येऊन बसता येईल. वकील म्हणतात, बसण्याला हिस्सा म्हणत नाहीत. जाळीवर मात्र पायपुसणं टाकायचं नाही. त्यांनीही नाही.

ठिकाण: वर्कशॉप, घरगाडीत, दोन्ही हीटर चालू.
तारीख: १४ डिसेंबर.

सही: जाळीवाल्या बाई

साक्षीदार दुसऱ्या: बाईंच्या फ्लॅटखालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. माझ्यासमोर सही केली. नाडी तपासली, उत्तम आहे.

साक्षीदार पहिले: समोरचे वीजवाले, नात्यानं दीर. माझ्यासमोर सही केली. वकील म्हणतात एवढंच पुरे, पण मला एक ओळ जास्तीची लिहायची आहे. वहिनींचं डोकं ठिकाणावर आहे. तेव्हाही होतं.