राखेचं दार

रिकुबेत्सु,
९ नोव्हेंबर २०१९

चि. इवाओ यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. चौसष्ट वर्षांच्या माणसाला ‘चिरंजीव’ लिहू नये असं ह्यांचं म्हणणं. पण दुसरं काही लिहायला गेलं की हात अडतो, म्हणून तेच राहू दे.

आम्ही दोघं बरी आहोत. आज सकाळी उणे अकरा होतं. मुळे सुकून लोणच्यात गेले, कोबी बर्फाखाली पुरून ठेवला. ह्यांच्या डाव्या हाताची बोटं अजून पांढरी पडतात, पण गेल्या हिवाळ्यासारखी नाहीत. हाकोदातेला तुमच्याकडे अजून पाऊसच असेल. गुडघा कसा आहे? इथे असताना तू तो लपवत होतास, पण पायाडावरून उतरताना तोंड वाकडं व्हायचं ते मला दिसत होतं.

नवी शेकोटी सुकावी म्हणून, तू सांगून गेलास तसे, पूर्ण एकवीस दिवस थांबलो. मग रोज मूठभर ढलप्या, नंतर दोन काटक्या, असं करत करत काल पहिल्यांदा ओकची जाड फाळकी लावली. धूर कुठेही आला नाही. दहा मिनिटांत विटा कोमट झाल्या, तासाभरात माजघराच्या काचांवरचं बर्फ वितळून खाली वाहायला लागलं. हे खुर्ची ओढून बसले आणि मोजे काढले. नोव्हेंबरात ह्यांचे उघडे पाय मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिले.

“इवाओला कळव,” म्हणाले. “लिही, की दाजी भाकरीसारखे दोन्ही बाजूंनी शेकून निघतायत.”

तर कळवलं.

ह्यांनी तुला मला न विचारता पत्र लिहिलं होतं, हे तुला माहीत आहे. मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. लग्न झाल्यापासून मी या घरात उघडा विस्तव येऊ दिला नाही. सगळे रॉकेलचे हीटर, आणि त्यांचे पंखे विजेवर. मार्चच्या हिमवादळात दोन दिवस वीज गेली तेव्हा पिंपात रॉकेल भरलेलं होतं, पण हीटर लागेना. खोलीत उणे सहा. आम्ही घरातली सगळी पांघरुणं अंगावर घेऊन एकमेकांना चिकटून बसलो होतो. ह्यांचं बोलणं जड व्हायला लागलं, प्रश्न विचारला की उत्तर दुसरंच. शेजारच्या सावाबेंची सून ट्रॅक्टर घेऊन आली नसती तर आज मी हे पत्र एकटीच्या घरातून लिहीत असते. आणि तरीही, दवाखान्यातून परत आल्यावर ह्यांनी शेकोटीचं नाव काढलं तेव्हा मी ताट आपटलं.

“तिने गुरं जळताना पाहिलीयत ना, म्हणून घाबरते,” असं हे लोकांना सांगतात. गावही तेच म्हणतं. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

मग तू आलास. चव्वेचाळीस वर्षांत या अंगणात तू फक्त एकदाच उभा राहिला होतास, तेही तासभर. टेम्पोतून उतरलास, चारा साठवायच्या पडक्या सायलोकडे बघितलंस आणि पहिलं वाक्य काय बोललास? “ताई, या विटा चांगल्या आहेत. नव्या कशाला घेता?” मी तुझ्याशी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं! तू हातोडी घेऊन विटांचा चुना काढायला बसलास. एकोणीस दिवस. पाया इतका खोल खणलास की ह्यांनी विचारलं, “विहीर काढतोयस का रे?” तर तू म्हणालास, “इथली जमीन मीटरभर गोठते दाजी. पाया गोठणाऱ्या मातीत राहिला तर वसंतात तुमची शेकोटी मान टाकेल.” तू रोज संध्याकाळी अवजारं धुऊन, पुसून, जेवायला बसायचास आणि माझ्या भाताला नावं ठेवायचास. “आईचा भात असा चिकट नसायचा.” मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू.

आता एक विचारायचं आहे.

तू शेकोटीच्या तळाला लोखंडी झाकण बसवलंस. ते सरकवलं की राख खाली पायातल्या विटांच्या खोलीत पडते. बाहेरच्या बाजूला लहानसं लोखंडी दार, वर्षातून एकदा उघडायचं, वसंतात, राख पार थंड झाल्यावर. ह्यांनी तेव्हा तुझी थट्टा केली. “राखेसाठी एवढा थाट? घरात बादली आहे की!”

तू ह्यांच्याकडे न बघता म्हणालास, “बादली नको. ताईने राख घेऊन बाहेर जायचं नाही.”

हे हसले. “बघा, भाऊ बहिणीचं काम वाचवतोय!” मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेले तांदूळ पुन्हा धुतले.

इवाओ, तू ते का म्हणालास?

मी हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा इथवर आले आहे, तेव्हा आता लिहितेच. त्या फेब्रुवारीत, त्या दिवशी सकाळी, बर्फ कमरेइतकं होतं. राख टाकायचा खड्डा मागच्या बांधाला, आणि तिथवर वाट काढायचा मला कंटाळा आला. बाबा दुधाच्या गाडीबरोबर गेले होते. तू गाभण गाईपाशी रात्रभर जागून घरात झोपला होतास. मी चुलीतल्या राखेची बादली गोठ्याच्या भिंतीला टेकलेल्या लाकडी खोक्यात रिकामी केली. वर थोडं बर्फ टाकलं. वाटलं, विझली. अकराच्या सुमाराला धूर दिसला.

नऊ गाई. आणि बाबांनी तुझ्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून सगळ्यांसमोर जमिनीवर आपटलं. “तूच!” तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “असेल.”

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

एप्रिलात माझं लग्न होतं. तू घर सोडून गेल्यावर घरात मुलगा नाही म्हणून बाबांनी ह्यांना घरजावई करून घेतलं. गोठा नवा झाला, जमीन माझ्या नावावर आली, मुलं इथेच वाढली. तू कुठल्या कुठल्या गावांत लोकांची धुराडी बांधत राहिलास.

क्षमा मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, म्हणून मागत नाही. फक्त घर ऊबदार झालं आहे, आणि ते तू केलंस, हे मला तुझ्याकडे कबूल करायचं आहे. लोणच्याचा डबा वेगळा पाठवते आहे. गुडघ्याला गरम पट्टी बांध.

तुझी थोरली बहीण,
तामिए


रिकुबेत्सु,
२९ डिसेंबर २०१९

प्रिय इवाओ,

तुझं कार्ड पोहोचलं. एवढ्या वर्षांत तुझं अक्षर सुधारलेलं नाही. चार ओळी लिहिल्यास आणि मी त्या पोस्टमनच्या समोर, फाटकातच, उभ्याने वाचल्या.

“बर्फात पावलं होती, स्वयंपाकघराच्या दारापासून खोक्यापर्यंत. लोक यायच्या आधी मी पाहिली. तुझं लग्न ठरलं होतं. धूर नीट जातोय का?”

पोस्टमन घाबरला. “काकू, वाईट बातमी आहे का?” मी म्हटलं, “नाही रे, भावाचं पत्र आहे.” आणि तोंडावर हात ठेवून आत पळाले.

म्हणजे तू एकोणीस वर्षांचा होतास, आणि झोपेतून उठून आगीकडे धावताना तू ती पावलं पाहिलीस, आणि बाबा ओरडत असतानाच्या तेवढ्या वेळात सगळा हिशोब केलास. मी तेवीस वर्षांची होते. मी एकच विचार केला, की होन्माकडचे, ह्यांच्या घरचे लोक लग्न मोडतील.

धूर नीट जातो. आता बाकीचं ऐक.

कार्ड आलं त्याच दुपारी मी ह्यांना सांगितलं. हे शेकोटीपुढे बसून मासेमारीचे गळ साफ करत होते. मी उभी राहून सांगितलं, बसायचं धैर्य नव्हतं. ह्यांनी हातातला गळ खाली ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे मी चव्वेचाळीस वर्षं त्याच्या जागेवर जेवतोय?”

मी म्हटलं, “हो.”

उठले, टोपी घातली आणि लाकडं फोडायला गेले. दोन तास कुऱ्हाडीचा आवाज येत होता. मी खिडकीशी जात होते आणि परत येत होते. परत आले तेव्हा मिशांवर बर्फ. मी विचारलं, “तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही लग्न मोडलं असतं?”

ह्यांनी टोपीवरचं बर्फ झटकलं. “माहीत नाही. बावीस वर्षांचा गाढव होतो, आईच्या शब्दाबाहेर नव्हतो. कदाचित मोडलं असतं.” मग मोजे काढत म्हणाले, “त्याला कळलं होतं ते. माझ्यापेक्षा तो मला जास्त ओळखून होता.” त्यानंतर दोन दिवस माझ्याशी फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, “गावाला कधी सांगतेस? की तेही मीच सांगू?”

काल गावच्या सभागृहात नव्या वर्षाच्या मोचीच्या गोळ्यांसाठी चिकट भात कुटायचा होता. सगळे होते, अगदी सावाबे आजोबासुद्धा. शहाऐंशी वर्षांचे आहेत, खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. “अरे, जोरात मार! पिठाला गुदगुल्या करतोयस का?” पहिला घाणा संपला, चहा वाटला गेला, तेव्हा मी उभी राहिले. मला भाषण येत नाही. मी म्हटलं, “पंचाहत्तर सालची आमच्या गोठ्याची आग माझ्या राखेने लागली. इवाओने लावली नव्हती. त्याला ते ठाऊक होतं, आणि माझं लग्न मोडू नये म्हणून तो गप्प राहिला. मी पण गप्प राहिले, पण स्वतःसाठी.”

वाफाळणारा भात उखळीत तसाच पडून. तरुण पोरांना तर आग कधी लागली होती हेच माहीत नव्हतं, ती एकमेकांकडे बघत होती. होन्माच्या धाकट्या वहिनीने कप खाली ठेवला आणि दुसरीकडे तोंड केलं. ती अजून बोलत नाही, कदाचित बोलणारही नाही. ते मी सोसलं पाहिजे.

सावाबे आजोबांनी मात्र काठी मागितली. उठून माझ्यापर्यंत चालत आले. मला वाटलं, मारतात.

“गाव सोडलं त्या दिवशी तो माझ्या दुकानात आला होता,” म्हणाले. “बसमध्ये खायला पाव मागत होता. मी म्हटलं, आगलाव्याला इथे काही मिळणार नाही. सगळ्यांच्या देखत म्हटलं.” त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. “तो म्हणाला, बरं. आणि दार हळूच लावून गेला. दार आपटलं असतं ना त्याने, तर मी कधीच विसरलो असतो.”

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तू उपाशी गेलास हे मला काल कळलं.

आजोबांनी तुझा पत्ता मागितला. मी लिहून दिला. सुनेला म्हणाले, “पाव चांगल्या बेकरीतला आण, साधा नको.” तर तुझ्याकडे एक पार्सल येईल. हसू नकोस आणि परत पाठवू नकोस. म्हाताऱ्याने ते स्वतः बांधलं आहे, दोरीच्या गाठी बघूनच कळेल.

आज सकाळी त्यांच्या सुनेने विचारलं, हाकोदातेचे ते भाऊ आमच्याकडेही शेकोटी बांधतील का. मी म्हटलं, त्यांच्या गुडघ्याला विचारते. तर विचार आणि कळव.

शेवटचं आणि महत्त्वाचं. अकरा फेब्रुवारीला बाबांचं तेहतिसावं स्मरण. देवळातले भिक्षू घरीच येणार आहेत, थंडीत म्हाताऱ्यांना बाहेर काढायला नको म्हणून. बाबांच्या अंत्यविधीला तू आलास तेव्हा दाराशी बसलास, जिथे लोक बूट काढतात तिथे. वारा सगळा तुझ्या पाठीवर येत होता. मी पहिल्या ओळीत बसून मोठ्याने रडत होते आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. तू चहा न घेता गेलास.

या वेळी नातेवाईक येण्याआधी दोन दिवस ये. बाबांपुढे मी जे बोलायचं ते तुझ्यादेखत बोलणार आहे, आणि मग मुलगा म्हणून पहिली उदबत्ती तू लावायचीस. ह्यांनी स्वतःच सांगितलं आहे, की ते तुझ्या मागे बसतील. तुझ्या बायकोलाही आण, मी तिला फक्त फोटोत पाहिलं आहे. तिच्यासाठी शेकोटीजवळची खोली रिकामी केली आहे. तिथली भिंत सकाळपर्यंत ऊबदार राहते, मी स्वतः झोपून पाहिलं.

भात तुला आवडेल तसा मोकळा करायचा प्रयत्न करीन, नाही जमला तर नावं ठेव.

जिचं लग्न तू गप्प राहून लावून दिलंस,
ती तुझी ताई,
तामिए