साचा चालू असताना

लालबाग, ६ जुलै

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र. आई बरी आहे. तिचे गुडघे बरे नाहीत, पण ते ती मान्य करत नाही.

नोकरीचं विचारलंत. परळची लॅब तीच, रक्ततपासणीची मशीनं तीच; पण आम्ही आता लॅबचे नाही. आम्हा टेक्निशियनना माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीकडे सोपवलं आहे. पाळी मोबाइलवरच्या ॲपमध्ये येते, हजेरी चेहरा दाखवून लागते. प्रत्येकाला भरवशाचे गुण आहेत. गुण उतरले की पाळ्या कमी. लाल झाले की बंद.

पाळी संपल्यावर थांबलं तरी गुण जातात. पूर्वी येणाऱ्याला मशीनची अवस्था सांगून मगच आम्ही निघायचो. ॲपच्या लेखी एका मशीनपाशी दोन माणसं ही उधळपट्टी. मी ऑनलाइन मीटिंगमध्ये आक्षेप घेतला. कंपनीचे केतन सर म्हणाले, तुम्ही टेक्निकल लोक फार घाबरता बुवा.

तुम्हाला राग येणार हे माहीत आहे. बीपीची गोळी घ्या.

तुमची,
पूर्वी

कट्टा, ता. मालवण, १२ जुलै

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

बाय गो, गोळी घेतली, उपयोग झाला नाही. तुझं पत्र पोस्टमनसमोरच फोडलं. त्या बिचाऱ्याला इतक्या शिव्या ऐकाव्या लागल्या की पाणी न पिताच गेला.

आमच्या गिरणीत, विणकाम खात्यात, पाळी बदलताना साचे, म्हणजे माग, बंद होत नसत. जाणारा साचेवाला साच्यावर हात ठेवून उभा राही. येणाऱ्याने हात ठेवला की मग हा आपला काढी. कुठला धागा सारखा तुटतो, धोटा कुठे अडतो, हे तेवढ्यात कानात ओरडून सांगायचं. हे कान असेच गेले. भोंगा झाला म्हणून साचा टाकून पळणाऱ्याला आम्ही चहालाही विचारत नव्हतो. आणि तुमच्याकडे थांबणाऱ्यालाच शिक्षा? कसले हे मालक!

त्या केतनला घेराव घाला. दारात बसा सगळ्या. मी भाकरी बांधून येतो.

आशीर्वाद पुष्कळ आहेत, वापर.

गणपत आजोबा

लालबाग, २० जुलै

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

घेराव कुणाला घालू? केतन सर बंगळूरला असतात. तक्रार लिहिली की ॲपमध्ये भाविका नावाची कुणीतरी उत्तर देते. ती माणूस नाही. दर वाक्याला सॉरी म्हणते.

तुम्ही भाकरी बांधू नका, आधी हे वाचा. मंगळवारी माझ्यासोबतच्या मेघनाची पाळी संपत आली तेव्हा मशीन पोटॅशियम जास्त दाखवायला लागलं होतं. चाचणीच्या ठरावीक द्रवावरून तिने ते ओळखलं. पुढचा माणूस आला नव्हता. कोण येणार ते ॲप सांगत नाही, त्याचा नंबरही देत नाही. तिचे गुण लालच्या काठावर होते. ती निघाली. मग राजरत्न आला, ठाण्याहून, पहिलाच दिवस. त्याने नमुने लावले. एका म्हाताऱ्या बाईंचा रिपोर्ट इतका भयंकर आला की हॉस्पिटलच्या वॉर्डात पोटॅशियम उतरवायच्या औषधाची तयारी झाली. ड्युटीवरच्या डॉक्टरला शंका आली, रक्त पुन्हा तपासलं. सगळं ठीक होतं. त्या वाचल्या, त्या डॉक्टरमुळे.

बुधवारी मेघनाचा आयडी बंद. कारण दिलं: काम पुढच्या माणसाच्या हाती सोपवलं नाही. जे करायला बंदी घातली, तेच केलं नाही म्हणून शिक्षा. मी हे तीनदा वाचलं.

मेघना निष्काळजी आहे, असं मी सही करून द्यायचं आहे. दिलं तर मला टीम लीडर करतील. नाही दिलं तर माझा आयडीही जाईल. आई म्हणते, टाक करून सही, मेघना काय तुझी सख्खी बहीण आहे? सही मी अजून केलेली नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

पूर्वी

कट्टा, २५ जुलै

चि. पूर्वीस,
आशीर्वाद.

सही करू नको. केलीस तर मला पत्र टाकू नको. हे लिहून खोडलं, मग पुन्हा लिहिलं. तुझ्या आईला, दर्शनाला सांग, तिच्या सासऱ्याने निरोप दिलाय की गुडघ्याला तेल लाव आणि पोरीला नको ते शिकवू नको.

गणपत आजोबा

लालबाग, १० ऑगस्ट

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. मुदत संपेपर्यंत आयडी चालू होता. तुमचं पत्र आलं त्या दिवशी पाळी संपल्यावर निघालेही नाही. राजरत्न येईपर्यंत मशीनवर हात ठेवून उभी राहिले. तो आधी हसला. मग स्वतःची पाळी संपल्यावर तोही थांबला. आमच्यातल्याच प्रितीने विचारलं, वेड लागलंय का तुम्हाला? दुसऱ्या दिवशी तीही थांबली.

आठवड्यात आम्ही सगळे लाल. ॲपने ठाण्यापासून वसईपर्यंत माणसं शोधली. या मशीनवर शिकलेलं कुणी मिळालं नाही. शनिवारी लॅबमध्ये फक्त लॅबच्या प्रमुख डॉक्टर मॅडम होत्या. तातडीचे नमुने शेजारच्या लॅबला पाठवावे लागले. इतके दिवस गप्प बसलेल्या मॅडमनी तेव्हा कंपनीला फोन केला. त्या काय बोलल्या ते म्हणे गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू गेलं.

सोमवारी सगळ्यांचे आयडी सुरू झाले, मेघनाचाही. माफी नाही. उलट कंपनीने जाहीर केलं की बऱ्याच संशोधनानंतर त्यांनी 'ओव्हरलॅप' नावाची नवी सोय आणली आहे: पाळी बदलताना दोघांनी थोडा वेळ एकत्र काम करायचं. खाली केतन सरांचा हसरा फोटो. मेघना म्हणाली, बघ, आता याचं बक्षीसही तेच घेतील.

गुण परत दिले नाहीत. लालचा नियम तेवढा आमच्या लॅबपुरता उठवला. मी भाविकाला कारण विचारलं. सॉरी म्हणाली. माझा राग गेलेला नाही, आणि तो मी जाऊ देणार नाही.

आईने तेल आणलं आहे. लावत नाही.

आज दुपारी पाळी बदलताना मेघनाने मशीनवर हात ठेवला. मग मी माझा काढला. मशीन चालू होतं.

तुमचा लोभ आहेच. तुमचा रागही माझ्यावर असाच राहू दे.

पूर्वी