आईच्या नावाची पाणपोई

चि. श्रीपाल यास कबनूरहून आक्काचा जय जिनेंद्र, आणि पाठीत एक धपका. गारगोटीत तुझी साखर, गुडघे आणि बायको तिन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. मी बरी हाय. मी सांगते, नात आदिती लिहिते. (तोंड वाकडं करून लिहिते, पण लिहिते.)

ही सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण, ते तुला ठाऊकच हाय. आता नोकरी सांभाळून शनिवारी-रविवारी साथीच्या रोगांचं शिकते. ह्या शिक्षणात सुई न्हाय, गोळी न्हाय, नुसतं विचारत फिरायचं. आपल्या गल्लीत कावीळ पसरली, तर हिला अभ्यासाला तीच गल्ली दिली. आजाऱ्याला विचारावं, हे मला समजतं. ही धडधाकटांनाबी विचारायची, पाणी कुठलं प्यालात, कुणाकडं जेवलात. एका घरात वाटलं, सोयरिकीची चौकशी चाललीय. त्यांनी पोहे केले, पोराला नवा शर्ट घालून पुढं बसवलं. (हिनं त्याला विचारलं, शौचाला कुठं जातोस? सोयरीक तिथंच मोडली.)

तेवढ्यात शेजारच्या शांतव्वाची सून विद्याश्री गेली. पोटात सातव्या महिन्याचं लेकरू होतं. ही कावीळ गरोदर बाईला फार वाईट, एवढंच आदिती म्हणाली आणि ताटावरनं उठली.

धडधाकटांना का विचारायचं, ते मला मागनं कळलं. आजारी पडले ते बहुतेक सगळे आपल्या पाणपोईचं पाणी पिणारे, वाचले ते बहुतेक न पिणारे. पाणपोई तू आईच्या नावानं बांधलीस, रांजण मी भरते, दुहेरी फडक्यातनं गाळून. फडक्यात अडकलेला बारीक जीवसुद्धा मरू नये म्हणून अलगद पाण्यात सोडते. पण आपल्या नळाचा पाइप गटारातनं येतो, तो फुटलाय, आणि त्यातनं पाण्यात आलेली रोगाची घाण फडक्याला अडत न्हाय. हे पोरीनं तुला सांगितलं, तर तू फोनवर तिलाच म्हणालास, "कालची पोर आईच्या पुण्याईला रोग चिकटवती व्हय? पाणपोईचं नाव लिहिलंस तर माझं दार तुला बंद." तेव्हापासनं ती अहवालाच्या कोऱ्या कागदासमोर बसून हाय. रोग कुठनं आला ते समजलं न्हाय, असं लिहिलं तरी ती पास होईल. पाणपोईही चालू राहील.

शांतव्वा अजून जाता-येता आईच्या नावाच्या फरशीला हात लावून कपाळाला लावते. सुनेच्या मातीला आलेल्या पावण्यांना तिनं आपल्याच रांजणातलं पाणी दिलं. मला म्हणाली, "तुमच्या आईचं पुण्य बघा, राजमती. ऐन वेळेला पाणी हाय."

तेव्हा बाबा, तू शहाणा, चार लोकांत बसणारा. सावकाश विचार कर आणि पाणपोई तुझ्या हातानं बंद कर. घाई न्हाय.

तुझी आक्का

ता. क. घाई न्हाय म्हणाले, कारण आज सकाळी रांजण मी वरवंट्यानं फोडला. खांदा अजून दुखतोय. मग आदितीला म्हटलं, आता लिही. तिनं लिहिलं, आईच्या नावासकट. आता तुझं दार बंद कर, न्हायतर उघडं ठेव.

आणखी एक. शांतव्वा मघाशी रिकामी घागर घेऊन आली, आज पाणी न्हाय व्हय, म्हणून विचारत होती. भाऊ येणार हाय, मग सांगते, असं मी म्हणाले. तेव्हा भांडायला का होईना, ये. तिच्या दारात मला एकटीनं जाववत न्हाय.