नमुना क्रमांक तीन

सोमवार, ३ मार्च
साहेबांनी बोलावलं. आपल्या कारखान्यात गाडी कशी बनते याचे फोटो काढायचे, गेटजवळच्या भिंतीवर लावायचे. म्हणाले, स्टोअरमध्ये कॅमेरा फक्त तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्ही. माझी नजर ओळखली असं तोंडावर सांगायला संकोचले असणार.
संकल्प: एकाही फोटोत अख्खी गाडी दिसू द्यायची नाही. अख्खी गाडी काय, रस्त्यावर कुणालाही दिसते.

मंगळवार, ४ मार्च
वेल्डिंगच्या ठिणग्या. एकशे बारा फोटो. बायकोला दाखवले. म्हणाली, कॅमेऱ्याची काच पुसली होती का? घर की मुर्गी वगैरे.

गुरुवार, ६ मार्च
पेंट शॉपचे फोरमनकाका उद्या रिटायर होतायत. एकतीस वर्षं झाली. म्हणाले, तुझ्या काकूला कधी कारखान्यात आणता आलं नाही रे. शेवटच्या गाडीशेजारी माझा एक फोटो काढ. ती सारखी विचारते, दिवसभर तिथे करता तरी काय?
शब्द दिला. पण साधा फोटो कुणीही काढेल. मी त्यांचं आयुष्य टिपणार.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी ४
टिपलं! काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून लाल गाडीशेजारी उभे. त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण बॉनेटवर दिवे फार सुंदर पडले होते. एकच क्लिक. हात किंचित हलला, दिव्यांच्या लांब रेघा खाली उतरल्या. त्यालाच गती म्हणतात. तेवढ्यात गाडी पुढे गेली.
काकांनी फोटो पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. यात मी कुठंय रे? म्हटलं, काका, तुम्ही सगळीकडे आहात. कॅमेरा माझ्या हातात परत दिला आणि निघाले. भारावले असणार.

बुधवार, १२ मार्च
साहेबांनी सगळे फोटो परत केले. भिंतीला नुसता रंग देणार म्हणे. पण तो लाल फोटो क्वालिटीवाल्यांनी मागून घेतला. मागून! मोठा करून छापणार आहेत. जाणकार तिथे बसतात तर.

सोमवार, १७ मार्च
पाहून आलो. पेंट शॉपच्या दारातच, माणसाएवढा उंच. खाली ठळक अक्षरात: ‘रंगकामातले दोष. नमुना क्रमांक तीन: ओघळ. असलं काम चालणार नाही.’
कलेचे अनेक अर्थ निघतात. शिवाय रोज दोनशे माणसं बघतात.

मंगळवार, १८ मार्च
फोरमनकाका घरी आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. बसले नाहीत. बायकोने पाणी आणलं, तेही घेतलं नाही. म्हणाले, फोटो नाही तर नाही. पण माझ्या शेवटच्या गाडीवर ओघळ नव्हता.
गतीबद्दल सांगायला तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं. मिटलं.

बुधवार, १९ मार्च
क्वालिटीवाले म्हणाले, पोस्टर काढायचं तर लेखी कारण द्या. दोन अर्ज फाडले. एकात ‘अमूर्त’ हा शब्द चारदा आला होता. तिसरा दिला: ‘गाडीचा रंग निर्दोष होता. फोटो काढणाऱ्याचा हात हलला.’ खाली सही. पोस्टर तिथल्या तिथे उतरवलं.
संध्याकाळी अर्जाची झेरॉक्स घेऊन काकांकडे गेलो. काकूंनी ती मोठ्याने वाचली. सहीपाशी अडल्या, कारण माझी सही मलाही वाचता येत नाही. मग माझ्यापुढे चहा ठेवत काकांना विचारलं, कोण हो हा हात हलणारा?
काका माझ्याकडे न बघता म्हणाले, असेल कुणी शिकाऊ.